चिपच्या गिरणीत पहिला डबा कुणाचा?

तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख सी. सी. वेई यांनी २०२२ साली एका भाषणात मोटार कंपन्यांची गोष्ट सांगितली होती. या कंपन्या पूर्वी त्यांना कधी फोनही करत नसत. चिपचा तुटवडा पडला आणि त्या अगदी जिवलग मित्रासारख्या बोलायला लागल्या. त्यातल्या एकीने घाईघाईने मागणी केली, २५ वेफर हवेत. वेई यांचा रोजचा व्यवहार २५,००० वेफरच्या ऑर्डरींचा. मग तुम्हाला कुणी दाद दिली नाही यात नवल ते काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

वेफर म्हणजे सिलिकॉनची ३०० मिलिमीटर व्यासाची, आरशासारखी चकचकीत चकती. तिच्यावर शेकडो चिप एकदम घडवतात आणि शेवटी कापून सुट्या करतात. कारखान्यात या चकत्या उघड्यावर फिरत नाहीत. प्लास्टिकच्या बंद पेटीत, खाचांमध्ये एकाखाली एक अशा २५ बसवतात आणि ती पेटी छताला टांगलेल्या रुळांवरून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जात राहते. म्हणजे त्या मोटार कंपनीने मागितला होता तो फक्त एक डबा.

डबा म्हटला की मला दळणाची गिरणीच आठवते. लहानपणी डबा रांगेत ठेवला की आपण खेळायला मोकळे, कारण डबा म्हणजेच आपला नंबर. पण ती रांग दिसायची तितकी सरळ नव्हती. ज्वारी चालू असेल तर गिरणीवाला रांगेतल्या सगळ्या ज्वाऱ्या आधी उरकायचा, कारण बाजरीच्या पाठीवर आपला गहू कुणी घालू देत नाही. खानावळवाल्याची पोती गिरणी उघडायच्या आधीच आत गेलेली असायची. आणि कुणाच्या घरी कार्य असलं तर त्याचा डबा मधेच पुढे सरकायचा, मग बाकीचे कितीही कुरकुरोत. चिपच्या कारखान्यात हे तिन्ही प्रकार चालतात. फरक इतकाच की तिथला एक डबा लाखो डॉलरांचा असू शकतो.

टीएसएमसी १९८७ साली मॉरिस चँग यांनी सुरू केली तीच मुळी गिरणी म्हणून. तोवर चिप कंपन्या साधारणपणे आराखडाही स्वतः काढत आणि कारखानाही स्वतःचाच चालवत. चँग यांचा सौदा वेगळा होता. धान्य तुमचं, दळण आमचं, आणि आम्ही स्वतःच्या नावाचं पीठ कधीच विकणार नाही. अशा कारखान्याला फाउंड्री म्हणतात. अ‍ॅपल, क्वालकॉम, मीडियाटेक हे सगळे फक्त आराखडे काढतात आणि गिरणीवर येतात. २०२३ साली टीएसएमसीकडे ५२८ ग्राहक होते आणि त्यांच्यासाठी तिने ११,८९५ प्रकारची उत्पादनं बनवली. पण त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नातला २५ टक्के वाटा एकाच ग्राहकाचा होता आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाचा ११ टक्के. वार्षिक अहवालात नावं नसतात, नुसतं ‘ग्राहक ए’, ‘ग्राहक बी’ असं लिहितात. ‘ग्राहक ए’ म्हणजे अ‍ॅपल, हे उद्योगातल्या कुणालाही विचारायची गरज पडत नाही.

मग रांगेचा हिशोब सोपाच दिसतो की, ज्याचा पैसा मोठा त्याचा डबा पहिला. बहुतेकांची समजूत हीच असते आणि ती अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी बाजू अशी की फाउंड्रीत नंबर टंचाईच्या दिवशी लागत नाही. तो तीनचार वर्षं आधी लागून गेलेला असतो, नवी यंत्रं यायच्या आधी, कधीकधी कारखान्याची इमारत उभी राहायच्या आधी.

जेवणावर ठरलेली रांग

२०१०. आयफोनच्या चिप तेव्हा सॅमसंगच्या कारखान्यात बनत होत्या. अ‍ॅपलचे वरिष्ठ अधिकारी जेफ विल्यम्स तैवानला आले आणि मॉरिस चँग यांच्या घरी जेवायला गेले. टीएसएमसीच्या तिसाव्या वर्धापनदिनी, २०१७ मध्ये, विल्यम्स यांनीच ही आठवण सांगितली. तेव्हा दोन्ही कंपन्यांत काहीच व्यवहार नव्हता. अ‍ॅपलने टीएसएमसीवर सगळा भार टाकायचा म्हटलं तर दुसरा पर्याय हाताशी राहणार नव्हता. आणि टीएसएमसीला एका ग्राहकासाठी एवढी क्षमता उभी करायची म्हणजे आधी स्वतःचा पैसा ओतायचा होता. विल्यम्स यांनी आकडे दिले ते असे: ९ अब्ज डॉलर गुंतवले, ६,००० माणसं अहोरात्र राबली आणि ताइनानचा कारखाना ११ महिन्यांत उभा राहिला.

दरम्यान एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅपलने सॅमसंगवर फोनच्या नकलेचा खटला भरला. जो गिरणीवाला स्वतःचं पीठही विकतो, त्याच्याकडे आपलं खास धान्य घेऊन जाताना माणूस दहादा विचार करणारच. इंटेलचाही विचार झाला होता. इंटेलला फाउंड्री चालवणं जमत नाही, असं अ‍ॅपलचे टिम कुक आपल्याला म्हणाले होते, हे चँग यांनी पुढे सांगितलं. मला हे वाक्य फार बोलकं वाटतं. तंत्रज्ञानात त्या काळी इंटेल सगळ्यांच्या पुढे होती. पण ग्राहक म्हणेल तसं वळायची तिला सवयच नव्हती, कारण तिचा सर्वांत मोठा ग्राहक ती स्वतःच होती.

टीएसएमसीने बनवलेली पहिली आयफोन चिप, ए८, २०१४ साली आली. पुढच्या वर्षी अ‍ॅपलने ए९ दोघांकडूनही बनवून घेतली, काही सॅमसंगकडून, काही टीएसएमसीकडून. लोकांनी लगेच फोन शेजारी शेजारी ठेवून बॅटरी मोजायला सुरुवात केली. प्रत्यक्ष वापरात फरक २ ते ३ टक्क्यांचाच आहे, असा खुलासा अ‍ॅपलला करावा लागला. एकाच किमतीच्या दोन फोनांत ‘तुझा कुठला, माझा कुठला’ सुरू झालं. त्यानंतरची ए१० एकट्या टीएसएमसीची होती आणि तेव्हापासून आयफोनची मुख्य चिप दुसऱ्या कारखान्यात गेलेली नाही.

नव्या जात्याचं पहिलं पीठ

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो समजायला थोडं गणित लागतं.

नवं तंत्रज्ञान, म्हणजे ७ नॅनोमीटर, ५ नॅनोमीटर, ३ नॅनोमीटर अशी ज्याची नावं आपण ऐकतो (आकडा जितका लहान तितकं तंत्रज्ञान नवं), ते सुरुवातीला कच्चं असतं. चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतात. ते कुठे पडतील हे कुणाच्या हातात नसतं. समजा एका चकतीवर असे ६० दोष विखुरले आहेत. फोनची मुख्य चिप साधारण १०० चौरस मिलिमीटरची, म्हणजे नखाएवढी असते. एका चकतीत अशा सुमारे ६०० बसतात. ६० दोषांनी फार तर ६० चिप खराब होतील, ५४० हाती लागतील. आता त्याच चकतीवर ८०० चौरस मिलिमीटरच्या, एआयसाठी लागतात तसल्या अवाढव्य चिप घडवा. त्या बसतातच साठपासष्ट. तेवढेच ६० दोष पडले तर निम्म्याहून जास्त चिप फुकट जातात. काहींवर दोनदोन, तीनतीन दोष पडतात म्हणून थोड्या तरी वाचतात, एवढंच.

म्हणून नव्या तंत्रज्ञानाचं उद्घाटन बहुतेक वेळा फोनच्या चिपने होतं. छोटी चिप कच्च्या प्रक्रियेत तग धरते, आणि फोन कोटींनी खपतात म्हणून हजारो चकत्या सलग चालवायला मिळतात. प्रत्येक चकती तपासून कारखाना शिकत जातो की कुठलं यंत्र भरकटतंय, कुठल्या थरात कण अडकतायत. अ‍ॅपल टीएसएमसीला पैसा देते हे खरंच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शिकायला कच्चा माल देते. नवं जातं टाकलं की पहिलं दळण कुणी आनंदाने देत नाही, त्यात कच येते. ते पहिलं दळण स्वतःहून देणाऱ्याला गिरणीवाला विसरत नाही.

वाया गेलेल्या चिपचा तोटा मात्र कुणीतरी सोसायचाच असतो. रिवाज असा की ग्राहक पूर्ण चकतीचे पैसे मोजतो, तिच्यातून चांगल्या चिप किती निघतात ते त्याचं नशीब. ३ नॅनोमीटरच्या वेळी अ‍ॅपलने फक्त चांगल्या निघालेल्या चिपचेच पैसे द्यायचे असा सौदा केल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. असे करार कंपन्या उघड करत नाहीत. पण बातमी खरी धरली तर रांगेत पुढे असणं म्हणजे नुसती लवकर मिळणारी चकती नव्हे, हे कळतं. कच्च्या प्रक्रियेचा भुर्दंड गिरणीवाला सोसतो, कारण हे गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं येणार याची त्याला खात्री असते.

तारखेचीही मोठी मदत होते. आयफोन सप्टेंबरात येतो हे जगाला ठाऊक आहे, फाउंड्रीला तर चांगलंच. चकती आत गेल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत तीन महिने सहज जातात, म्हणजे वसंतातच उत्पादन जोरात चालू व्हायला हवं. या एका तारखेभोवती टीएसएमसीच्या नव्या तंत्रज्ञानाचं वेळापत्रक फिरत आलं आहे. आणि ती तारीख हुकली की काय होतं तेही दिसलंय. ३ नॅनोमीटरच्या उत्पादनाचा सोहळा ताइनानला झाला तो २९ डिसेंबर २०२२ रोजी. त्या वर्षीचा आयफोन प्रो तीन महिन्यांपूर्वीच आला होता, ४ नॅनोमीटरची ए१६ चिप घेऊन. ३ नॅनोमीटरची ए१७ प्रो पाहायला सप्टेंबर २०२३ उजाडला.

त्यानंतर क्वालकॉम आणि मीडियाटेकच्या ३ नॅनोमीटर चिप आल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, तब्बल एक वर्षाने. वाचायला अन्याय वाटतो. पण त्या दोघांना मिळाली ती ३ नॅनोमीटरची सुधारलेली, सोपी केलेली आवृत्ती. अ‍ॅपलनेही ए१८ साठी तीच घेतली. मागे थांबणाऱ्याला वर्षभर जुनी चिप विकावी लागते, पण मुरलेलं लोणचं त्याच्याही पानात पडतं. अँड्रॉइड फोनवाल्यांच्या तोंडी ‘अ‍ॅपलने सगळी क्षमता लाटली’ ही तक्रार असते. मला ती पूर्ण पटत नाही. त्या पहिल्या वर्षाची किंमत आणि जोखीम घ्यायला त्यांच्यातलं कोण तयार होतं, हा प्रश्न उरतोच.

पहिला नंबर नेहमी अ‍ॅपलचाच असतो असंही नाही. टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवरची चिप मीडियाटेकने नोव्हेंबर २०२१ मध्येच जाहीर केली होती, डायमेन्सिटी ९०००. अ‍ॅपलची ए१६ त्यानंतर दहा महिन्यांनी आली. ४ नॅनोमीटर हे ५ नॅनोमीटरचंच पुढचं रूप असल्याने कारखाना मुरलेला होता, आणि अ‍ॅपलची तारीख सप्टेंबरची. मधली जागा मीडियाटेकने साधली.

दोन दारांत पाय

क्वालकॉमचं वागणं अ‍ॅपलच्या अगदी उलट. तिच्या फोनच्या चिपांपैकी स्नॅपड्रॅगन ८१० टीएसएमसीकडे, ८२०, ८३५ आणि ८४५ सॅमसंगकडे, ८५५ आणि ८६५ पुन्हा टीएसएमसीकडे, ८८८ आणि ८ जेन १ परत सॅमसंगकडे. यात शहाणपण आहे. दोन गिरण्या असल्या की भावात घासाघीस करता येते आणि एक बंद पडली तर दुसरी असते. पण याचा दुसरा अर्थ असा की दोन्हीकडे तुम्ही येऊन-जाऊन असलेले पाहुणे.

८८८ आणि ८ जेन १ या दोन्ही चिप तापतात अशी ओरड झाली. मे २०२२ मध्ये क्वालकॉमने ८+ जेन १ आणली. आराखडा जवळपास तोच, कारखाना मात्र टीएसएमसीचा. सीपीयू (आकडेमोड करणारा भाग) आणि जीपीयू (चित्रं उमटवणारा भाग) दोन्हींना ३० टक्क्यांपर्यंत कमी वीज लागते असं कंपनीनेच जाहीर केलं.

इथे बरेच वाचक फसतात. सॅमसंगची चिप तापली म्हणून क्वालकॉमने उठून टीएसएमसीला फोन केला, असं ते धरून चालतात. एका फाउंड्रीसाठी काढलेला आराखडा दुसऱ्या फाउंड्रीत तसाच चालत नाही. प्रत्येकीचे नियम वेगळे असतात, तार किती जाड, दोन थरांत किती अंतर, कुठल्या तयार ठोकळ्यांतून चिप रचायची. पुन्हा मांडणी, पुन्हा तपासणी, पुन्हा नमुने. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. म्हणजे ८ जेन १ दुकानात यायच्या कितीतरी आधी दुसऱ्या दारातला डबा ठेवून झालेला असणार.

नंबर असा आधी लावायचे प्रकारही नाना आहेत. साधा प्रकार म्हणजे येत्या तिमाह्यांचा अंदाज लेखी द्यायचा आणि फाउंड्रीने त्यावर क्षमता राखायची. इथे गिऱ्हाइकाची पत ठरते. ज्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष उचल जुळते त्याच्या पुढच्या अंदाजावर विश्वास बसतो. त्यापुढचा प्रकार आगाऊ पैसे. तैवानच्याच यूएमसी या फाउंड्रीने २०२१ मध्ये ताइनानचा कारखाना वाढवला तो ग्राहकांनी अनामत भरून क्षमता बांधून घेतल्यावर. क्वालकॉमने ग्लोबलफाउंड्रीजकडे २०२८ पर्यंत एकूण ७.४ अब्ज डॉलरची खरेदी करायचा शब्द २०२२ मध्ये दिला. मीडियाटेकने तर २०२० मध्ये कमालच केली. यंत्रं स्वतः विकत घेतली आणि पॉवरचिप या फाउंड्रीला भाड्याने दिली. गिरणीत जागा नाही म्हणता, तर हे घ्या जातं, पण यावर दळण माझंच.

ही पॉवरचिप म्हणजे तीच, जिच्या तंत्रज्ञानावर टाटा गुजरातेत धोलेरा इथे ९१,००० कोटी रुपयांची फाउंड्री उभारत आहे. २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्रज्ञानाची. तिथे आयफोनची मुख्य चिप बनणार का, असं मला दोनतीनदा विचारलं गेलंय. नाही. पण फोनमध्ये मुख्य चिपशिवाय वीज सांभाळणारी, पडदा चालवणारी, बोटाचा ठसा ओळखणारी अशा कितीतरी जुन्या तंत्रज्ञानाच्या चिप असतात. त्यांची रांग वेगळी, त्यांच्या गिरण्याही बऱ्याचदा वेगळ्या. २०२१ च्या टंचाईत अनेक फोन अडले ते या चार आण्याच्या चिपवाचून. मुख्य चिप तयार असायची आणि तिला वीज पुरवणारी नाही. नवरदेव घोड्यावर आणि वाजंत्री बेपत्ता.

कारखान्याच्या आतली रांग

क्षमता मिळाली म्हणजे झालं असंही नाही. आत गेलेल्या चकतीला हजाराच्या वर पायऱ्या चढायच्या असतात. थर चढवा, प्रकाशाने नक्षी उमटवा, कोरा, धुवा, मोजा, पुन्हा थर चढवा. तिचा बराच वेळ यंत्रात जात नाही, यंत्रापुढे थांबण्यात जातो. काही भट्ट्या एकदम अनेक डबे घेतात, त्या भरेपर्यंत आलेल्या डब्यांना ताटकळावं लागतं. ज्वारीवर ज्वारी, तसंच.

यातून काही डब्यांना सूट असते. त्यांना ‘हॉट लॉट’ म्हणतात. नव्या चिपचा पहिला नमुना, किंवा आराखड्यातली चूक दुरुस्त करून लगेच पाहायची असेल तो डबा. संगणकात त्याच्यावर तशी खूण असते. तो यायच्या आधीच पुढचं यंत्र रिकामं करून ठेवतात, भट्टी अर्धी रिकामी असली तरी पेटवतात. त्याचा प्रवास कितीतरी कमी दिवसांत उरकतो आणि त्यासाठी जादा पैसे पडतात. पण एक डबा असा पळवला की त्याच्या वाटेतले बाकीचे डबे थोडे थोडे रखडतात. म्हणून एका वेळी असे डबे किती चालू द्यायचे यावर कारखाना मर्यादा ठेवतो. सगळेच डबे तातडीचे झाले तर तातडीचा एकही राहत नाही. एखादा ग्राहक अडचणीत असताना त्याचा डबा पळवायला कारखाना किती राजी होतो, तिथेही जुन्या संबंधांचा हिशोब लागतो. ही प्राथमिकता कुठल्या बातमीत येत नाही.

नंबर पुसला जातो तेव्हा

पैसा, जोखीम, जुने संबंध हे सगळं असूनही नंबर जाऊ शकतो. २०१९ साली टीएसएमसीच्या उत्पन्नात ‘ग्राहक बी’चा वाटा १४ टक्के होता. ती चीनची फोन कंपनी हुआवे. ७ नॅनोमीटरची किरिन ९८० चिप तिने २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या बरोबरीने, खरं तर घोषणेत चार पावलं पुढेच, आणली होती. १५ मे २०२० रोजी अमेरिकेने नियम काढला. अमेरिकी यंत्रं आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कुठल्याही कारखान्याला परवान्याशिवाय हुआवेसाठी चिप बनवता येणार नाहीत. तैवानमधल्या कारखान्यात अमेरिकी यंत्रं नाहीत असा कोपरा सापडणं कठीण. आधी घेतलेल्या ऑर्डरी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पोचवायच्या, नंतर बंद. ते चार महिने ५ नॅनोमीटरची किरिन ९००० जमेल तितकी बनवून घेण्यात गेले. ऑक्टोबरात मेट ४० फोन तीच चिप घेऊन आला.

दोन नंबरचा ग्राहक एका रात्रीत गेल्यावर कंपनीचं कंबरडं मोडायला हवं होतं. झालं उलटंच. २०२० मध्ये टीएसएमसीचं उत्पन्न तैवानी डॉलरमध्ये २५ टक्के वाढलं. रिकामी झालेली जागा घ्यायला मागे भली मोठी रांग होतीच.

त्याच वर्षी मोटार कंपन्यांनी करोनाच्या धास्तीने ऑर्डरी रद्द केल्या होत्या. वर्षाअखेर मागणी परतली आणि त्या गिरणीवर आल्या, तर त्यांच्या जागी लॅपटॉप आणि फोनवाल्यांचे डबे. जानेवारी २०२१ मध्ये जर्मनीचे आर्थिक व्यवहार मंत्री पीटर अल्टमायर यांनी तैवानच्या आर्थिक व्यवहार मंत्र्यांना पत्र लिहून मोटारींच्या चिपसाठी गळ घातली. दळणासाठी मंत्र्याची चिठ्ठी! टीएसएमसीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क लिउ यांना वेगळाच संशय आला. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चिप आणि बाजारात दिसणाऱ्या वस्तू यांचा मेळ बसेना. मधे कुणीतरी साठा करत होतं. त्यांनी माणसं लावून माहिती गोळा केली, खरी गरज कुणाला आणि नुसतं कोठार कोण भरतंय, आणि त्यावरून काही बड्या ग्राहकांनाही मागे थांबवलं. टंचाईत एकच मागणी दोन-तीन ठिकाणी नोंदवायची सवय सगळ्यांनाच लागते. गिरणीवाल्याला ती ओळखता आली पाहिजे.

तो फुगा २०२२ च्या शेवटी फुटला. फोन आणि संगणकांची मागणी घसरली, टीएसएमसीची ७ नॅनोमीटरची यंत्रं पूर्ण क्षमतेने चालेनात आणि काओशुंगमधला त्या तंत्रज्ञानाचा विस्तार पुढे ढकलावा लागला.

फोनवाल्यांच्या पुढे कोण येतंय

वर सांगितलेली सगळी घडी फोनभोवती बसली होती. २०२० मध्ये टीएसएमसीचं ४८ टक्के उत्पन्न स्मार्टफोनमधून येत होतं आणि ३३ टक्के मोठ्या संगणनाच्या चिपमधून, ज्यात आता एआय येतं. २०२४ मध्ये फोन ३५ टक्क्यांवर आले आणि दुसरा आकडा ५१ झाला.

तरी आतापर्यंत दोघांची टक्कर फारशी होत नव्हती. एनव्हिडियाची एआयसाठीची ब्लॅकवेल चिप २०२४ मध्ये जाहीर झाली ती ४ नॅनोमीटर घराण्याच्या प्रक्रियेवर, जेव्हा फोन ३ नॅनोमीटरवर पोचले होते. कारण मघाचंच गणित, अवाढव्य चिपला मुरलेली प्रक्रिया लागते. फोन पुढच्या पायरीवर गेले की एआयवाले त्यांनी मोकळ्या केलेल्या पायरीवर येत. एआयवाल्यांची खरी अडचण वेगळ्याच खोलीत होती, अनेक चिप शेजारी शेजारी जोडणाऱ्या पॅकेजिंगच्या कामात. तिथे फोनवाल्यांशी गाठ पडत नव्हती.

आता पडते आहे. एएमडी या अमेरिकी चिप कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की तिची ‘व्हेनिस’ ही सर्व्हरची चिप टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवून झाली आहे. मीडियाटेकने आपल्या २ नॅनोमीटर चिपची अशीच घोषणा केली ती त्यानंतर, सप्टेंबरात. मोठ्या चिपचे छोटे तुकडे करून नंतर जोडायची युक्ती आता रुळली आहे, त्यामुळे कच्च्या प्रक्रियेची पूर्वीइतकी भीती त्यांना उरलेली नाही.

आणि २ नॅनोमीटरच्या पुढची जी पायरी टीएसएमसीने २०२४ मध्ये जाहीर केली, तिच्यात चिपला वीज मागच्या बाजूने पुरवतात. महागडं काम आहे. ते फोनला फारसं परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. भरमसाट वीज खाणाऱ्या संगणनाच्या चिपसाठी ही पायरी सर्वांत योग्य, असं टीएसएमसी स्वतःच सांगते. या पायरीचं नाव तिने ठेवलंय ए१६. आयफोन १४ प्रोमधल्या चिपचंही नाव तेच होतं.